स्थानकापासून पेढीपर्यंत

हिऱ्याच्या बाजारात कॅरेटचा शंभरावा भागसुद्धा हिशेबात धरला जातो. तो भाग म्हणजे अवघे दोन मिलिग्रॅम. काट्याभोवती काचेची पेटी असते, कारण पंख्याच्या वाऱ्यानेही वजनात फरक पडतो. इतक्या सूक्ष्म मोजमापाची सवय असलेल्या एका पेढीत गेल्या वर्षी मी एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर कोणालाच देता आले नाही. प्रश्न साधा होता : आपल्याकडील तीस माणसे रोज स्थानकावरून पेढीत कशी येतात आणि त्यात त्यांचा किती वेळ जातो?

पेढीचे मालक माझे जुने स्नेही. आमची ओळख बँकेच्या काउंटरच्या दोन बाजूंनी झाली आणि मी निवृत्त झाल्यावरही टिकली. ते मला अजून ‘साहेब’ म्हणतात आणि मी त्यांना ‘शेठजी’. त्यांची पेढी पूर्वी ऑपेरा हाऊसला होती. त्या काळी चर्नी रोड किंवा ग्रँट रोडला उतरायचे आणि पायी चालू लागायचे, की दहा मिनिटांत माणूस गादीवर. मुनीम, दलाल, शिपाई, असॉर्टिंगची मुले आणि स्वतः शेठजी सगळे त्याच फुटपाथवरून येत. अर्धे सौदे तर त्या चालण्यातच होत, असे शेठजी आजही सांगतात.

जुन्या मुंबईतील बाजारपेठा अशाच बसल्या होत्या, आगगाडीच्या स्थानकाच्या पायाशी. झवेरी बाजार, मुळजी जेठा मार्केट, मस्जिद बंदर, कुठेही उतरले की बाजार समोर. या बाजारांना बाहेर नेण्याचे ठरले तेव्हा जागा, पाणी, वीज, वाहनतळ या सगळ्यांचा विचार झाला. माणूस शेवटचे दोन-तीन किलोमीटर कसा येणार, याचा विचार मात्र बहुधा त्या माणसावरच सोपवला गेला.

वांद्रे-कुर्ला संकुलाच्या नावातच दोन स्थानके आहेत. गंमत अशी की भुयारी मेट्रो येईपर्यंत संकुलाच्या पोटात एकही नव्हते. मिठी नदीच्या काठच्या दलदलीच्या जमिनीवर सुमारे ३७० हेक्टरांत हे संकुल उभे राहिले. १९७७ साली एमएमआरडीएला तेथील विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. दक्षिण मुंबईवरचा कचेऱ्यांचा भार हलका करणे हा हेतू होता. पश्चिम रेल्वेचा प्रवासी वांद्र्याला उतरणार, मध्य आणि हार्बरचा कुर्ल्याला. दोन्हीकडून संकुल जवळ, पण चालत जाण्याइतके जवळ नाही. अंतराची हीच पट्टी माणसाला सर्वांत अडचणीची. दहा किलोमीटर असते तर कोणीतरी रेल्वे टाकली असती आणि अर्धा किलोमीटर असते तर माणूस चालला असता.

भारत डायमंड बोर्सचे काम ऑक्टोबर २०१० मध्ये येथे सुरू झाले. वीस एकर जागा, नऊ मनोरे, सुमारे अडीच हजार कार्यालये, तिजोऱ्या, सीमाशुल्काची सोय, सगळे एका आवारात. तरीही पहिल्या वर्षी अनेक पेढ्या ऑपेरा हाऊस सोडायला तयार नव्हत्या. १३ जुलै २०११ च्या बॉम्बस्फोटांनंतर मात्र सुरक्षिततेचा विचार करून बाजार वेगाने हलला. शेठजीही त्याच लाटेत आले. सुरक्षा मिळाली, आणि चालत जाण्याचा फुटपाथ गेला. शेठजी मलबार हिलहून मोटारीने येऊ लागले. बाकीचे बेस्टच्या ३१० क्रमांकाच्या बसने.

या ३१० बसविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण कोणत्याही व्यापाऱ्याने तिच्याकडून शिकावे असे तिचे गणित आहे. ही बस कुर्ला स्थानक पश्चिम आणि वांद्रे स्थानक पूर्व यांच्यामध्ये संकुलातून धावते. स्थानक ते कचेरी अशा फेऱ्यांचे मूळ दुखणे हे, की सकाळी गाडी भरून जाते आणि रिकामी परत येते. संध्याकाळी ते उलटे होते. म्हणजे इंधन, चालक, घसारा सगळा पूर्ण आणि मिळकत निम्मी. ३१० च्या दोन्ही टोकांना स्थानक आहे आणि कचेऱ्या मध्ये. सकाळी कुर्ल्याहून भरलेली बस संकुलात रिकामी होते, पण पुढे वांद्र्यापर्यंत मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेवर जाणारे लोक तिच्यात असतात. वांद्र्याला ती पुन्हा भरते. गाडी क्वचितच पूर्ण रिकामी धावते. मालाच्या वाहतुकीत ‘परतीचे भाडे’ मिळवण्यासाठी आपण किती खटपट करतो! येथे ते मार्गाच्या आखणीतूनच मिळते.

अशा बसगाड्या आणखी असत्या तर हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते. एकेकाळी बेस्टकडे साडेचार हजारांच्या आसपास बसगाड्या होत्या. आता तीन हजारांहून कमी आहेत आणि त्यांतील बहुसंख्य भाडेतत्त्वावरील. किमान भाडे जुलै २०१९ मध्ये आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणले गेले. मे २०२५ मध्ये ते दहा रुपये झाले, वातानुकूलित बसला बारा. तरीही रिक्षाशी तुलना करा. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये आहे. तीन किलोमीटरला मीटरने सुमारे ५२ रुपये होतात. महिन्याचे पंचवीस दिवस, रोज दोन खेपा धरल्या तर रिक्षाचे २,६०० आणि साध्या बसचे ५००. नव्याने लागलेल्या शिपायाच्या पगारात ही २,१०० रुपयांची तफावत किती मोठी, हे सांगायला नको. माणशी पैसे घेऊन जाणाऱ्या रिक्षा मधला मार्ग काढतात, पण पाऊस आला की त्यांचा दर आभाळ पाहून ठरतो.

शेठजींच्या पेढीत मी तो प्रश्न विचारला तो भाद्रपदाच्या दिवसांत, सप्टेंबर २०२४ मध्ये. श्वेतांबर पर्युषण संपून चार-पाच दिवस झाले होते. पर्युषणाच्या आठ दिवसांत शेठजी सर्वांना साडेपाचला सोडत आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. मी तीस माणसांना गुणून पाहिले. सकाळी वीस आणि संध्याकाळी वीस मिनिटे जरी निव्वळ रांगेत जात असली तरी दिवसाला वीस तास होतात. शेठजींनी गणकयंत्र पुढे ओढून स्वतः गुणाकार केला. मग म्हणाले, “साहेब, हे वीस तास माझ्या कोणत्या खात्यातून जातात?”

मी म्हटले, “तुमच्या खात्यातून जात नाहीत, म्हणून तर ते तुम्हाला दिसत नाहीत.”

बँकेत असताना मीही काही वेगळा नव्हतो, हे येथे कबूल केले पाहिजे. खेळत्या भांडवलाचा प्रस्ताव तपासताना माल किती दिवस पडून राहतो, उधारी किती दिवसांनी वसूल होते, हे मी बोटांवर मोजत असे. माणसे किती वेळ रस्त्यावर पडून असतात, याचा रकाना छापील अर्जात नव्हता आणि मीही कधी तो आखला नाही.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी ठरवले की मोटार घरी पाठवायची आणि कुर्ल्याला बसने जायचे. शेठजी तेरा-चौदा वर्षे त्या आवारात येत होते, पण बसथांबा कोठे आहे हे त्यांना शिपायाला विचारावे लागले. सहाला निघालो. रांगेत आमच्या पुढे साठ-सत्तर माणसे असावीत. दोन बसगाड्या आल्या आणि आमचा क्रमांक येण्यापूर्वी भरून गेल्या. त्यात चालकाचा दोष नाही आणि वाहकाचाही नाही. रस्ताच मोटारींनी असा अडला होता की बसला थांब्यापर्यंत येता येत नव्हते. त्या मोटारींत एकेक माणूस होता. “रोज यांच्यातच मी असतो,” शेठजी हळूच म्हणाले.

आमच्या पुढे सात-आठ जण सोडून त्यांच्याच पेढीतील एक मुलगी उभी होती. राहणार घाटकोपरची, असॉर्टिंगच्या टेबलावर तीन वर्षे काम करणारी. तिने आम्हाला पाहिले आणि संकोचून मान तुकवली. पुन:पुन्हा ती मोबाइलवर वेळ पाहत होती. साडेसहा वाजून गेल्यावर तिने पर्समधून पाण्याची बाटली काढली, पदराआड करावी तशी ओढणी तोंडापुढे धरली आणि सगळे पाणी एका दमात संपवले. मग रिकामी बाटली पर्समध्ये ठेवून हात जोडले.

मला आणि शेठजींना ते पाहून काही सांगावे लागले नाही. त्या दिवशी सूर्यास्त सहा चाळीसच्या सुमारास होता. मुलीचा चातुर्मासाचा चौविहार होता. आता दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी नवकारसी होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. जेवणही झालेले नसणार. बस वेळेवर मिळाली असती तर सहा वीसला कुर्ला, तेथून दोन स्थानकांवर घाटकोपर आणि पस्तिसाव्या मिनिटाला घराचे दार. घाईघाईने का होईना, आईच्या हातचे चार घास मिळाले असते.

बसमध्ये शेठजींनी तिला विचारले, “बेटा, डबा का आणत नाहीस? कितीतरी जण पाचलाच जेवून घेतात.”

“काका, आणते ना. ऑक्टोबरपासून आणतेच, तेव्हा काही उपायच नसतो. पण आषाढ-श्रावणात दिवस मोठा असतो. बाबा दुकानातून साडेसहाला वर येतात. वर्षातून एवढेच दोन-अडीच महिने आम्ही चौघे एका ताटाभोवती बसू शकतो. म्हणून रोज वाटते, आज मिळेल बस.”

“मग साडेपाचला सुटी मागायची होतीस.”

“पर्युषणात तुम्ही देता ना, काका. बाकीच्या दिवशी अर्धा तास मागायला बरे वाटत नाही. आणि मला अर्धा तास नको, वेळेवर बस हवी.”

कुर्ल्याला उतरेपर्यंत शेठजी काही बोलले नाहीत. त्यांची सून त्याच व्रताची, पण तिला रांग माहीत नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी ओळखीच्या चार पेढ्यांशी बोलणी केली. पाच जणांनी मिळून सव्वीस आसनांची एक बस महिन्याच्या कराराने घ्यायची असे ठरले : सकाळी कुर्ल्याहून दोन फेऱ्या, संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी आणि पावणेसातला परतीच्या दोन. जुळवाजुळवीसाठी मला बसवले. येथे वाचकांच्या उपयोगाच्या दोन-तीन गोष्टी सांगतो.

पहिली कायद्याची. एका भागीदाराने सुचवले की मोकळ्या जागांवर बाहेरचे प्रवासी घ्यावेत आणि माणशी पंधरा रुपये आकारावेत. व्यापारी डोके ते, मोकळी जागा त्याला पाहवत नाही. पण मोटार वाहन कायद्यानुसार संपूर्ण गाडी ठरावीक कराराने भाड्याने घेणे वेगळे आणि प्रत्येक प्रवाशाकडून स्वतंत्र भाडे घेऊन वाटेत चढउतार करणे वेगळे. दुसऱ्यासाठी वेगळा परवाना लागतो. म्हणून कोणाकडूनही भाडे घ्यायचे नाही, असे ठरले. दुसरी कराची. चालकासह तेरापेक्षा अधिक आसनांची गाडी भाड्याने घेतली तर जीएसटीची वजावट मिळण्यास वाहनाच्या आकाराचा अडसर राहत नाही. तेरा किंवा कमी आसनांच्या गाडीला, काही अपवाद वगळता, ती मिळत नाही. शिवाय घर ते कचेरी प्रवासासाठी मालकाने दिलेल्या वाहनाचा लाभ कर्मचाऱ्याच्या करपात्र उत्पन्नात धरला जात नाही. प्रत्येकाने आपल्या सनदी लेखापालांना विचारूनच पाऊल टाकावे, हे वेगळे सांगत नाही.

तिसरी गोष्ट खर्चाच्या वाटणीची. पाच पेढ्यांची माणसे सारखी नव्हती. मोठ्या पेढीने समान वाट्याचा आग्रह धरला, लहान पेढीने माणशी वाट्याचा. दोन बैठका चहावर गेल्या. शेवटी आसनांच्या प्रमाणात वाटा ठरला आणि सर्वांत लहान पेढीने आनंदाने सही केली. एकूण मासिक रक्कम येथे लिहीत नाही. एवढेच सांगतो की शेठजींच्या एका मोटारीवर चालकाचा पगार, इंधन आणि वाहनतळ मिळून दरमहा जे जाते, त्याहून त्यांचा वाटा कमी होता. हा हिशेब मी मुद्दाम त्यांच्यासमोर केला. त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

बस लाभपंचमीला सुरू झाली. नारळ फोडला, पेढे वाटले. ती घाटकोपरची मुलगी पहिल्या फेरीत होती. उतरताना हसून म्हणाली, “काका, बस आली आणि सूर्य लवकर जायला लागला.” खरेच होते. कार्तिकात सूर्यास्त सहाच्या आसपास आलेला. त्या वर्षी तिला बसचा उपयोग व्हायचा तो फक्त पाय मोकळे राहण्यापुरता.

महिना उलटला नाही तोच ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेला बेस्टच्या बसचा तो भीषण अपघात झाला. गर्दीच्या रस्त्यावर अनेकांचे प्राण गेले. नंतर काही दिवस स्थानकापर्यंत बसगाड्या जात नव्हत्या. लोक संकुलातून निघून बरेच अंतर चालत स्थानक गाठत होते. आमची बसही दूरवर थांबू लागली आणि पुढेही तिला स्थानकाजवळ उभे राहायला अधिकृत जागा अशी कधी मिळालीच नाही. अशा सेवांचा खरा अडसर गाडीचा नसतो, थांबण्याच्या जागेचा असतो. रिक्षा, फेरीवाले, बेस्ट, खाजगी बस सगळे त्याच पन्नास पावलांसाठी झगडतात. संकुलात प्रत्येक इमारतीखाली मोटारींसाठी तळघरे खोदली आहेत, पण स्थानकाच्या दारात बसला पाच मिनिटे उभे राहायला जागा राखलेली नाही.

तरीही जून ते ऑगस्ट २०२५ चांगले गेले. चातुर्मास लागला आणि शेठजी पेढीतील घड्याळाकडे पाहून सहाला दोन मिनिटे कमी असतानाच टेबले आवरायला सांगू लागले. मी एकदा मुद्दाम सहा पाचच्या फेरीने गेलो. बसमध्ये चार मुली आणि दोन वयस्क मुनीम चौविहारवाले निघाले. त्यांच्याविषयी आम्हाला आधी काही ठाऊक नव्हते. एक मुनीम म्हणाले, बेचाळीस वर्षांच्या नोकरीत आपण श्रावणात घरी जेवतो आहोत ते हे पहिले वर्ष, ऑपेरा हाऊस सुटल्यापासून. त्यांच्या हिशेबात थोडी गल्लत होती, पण मी दुरुस्त केली नाही.

ऑगस्टच्या अखेरीस अमेरिकेने भारतीय मालावर एकूण पन्नास टक्के आयातशुल्क लावले. हिऱ्याच्या बाजारावर त्याचा काय परिणाम झाला, हे या अंकाच्या अनेक वाचकांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. दिवाळीपूर्वी दोन पेढ्यांनी बसमधून अंग काढून घेतले, एकीने माणसेच कमी केली. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. मंदीत पहिली कात्री चालते ती पगारपत्रकात नसलेल्या गोष्टींवर, आणि बँकेचा अधिकारी म्हणून मीही अनेकांना तोच सल्ला दिला आहे.

मध्यंतरी भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. अंधेरी किंवा दक्षिण मुंबईकडच्या लोकांना तिचा मोठा आधार झाला आहे. घाटकोपरहूनही मरोळ नाक्याला मेट्रो बदलून संकुलात येता येते. त्या मुलीने आठवडाभर करून पाहिले. वळसा मोठा, भाडे बसच्या कितीतरी अधिक, आणि संकुलातील स्थानकावरून पेढीपर्यंत पुन्हा चालणे आलेच. वांद्रे आणि कुर्ला यांच्यामध्ये उंचावरून धावणाऱ्या पॉड टॅक्सीची योजनाही मंजूर आहे. ती येईल तेव्हा येईल. तोवर रांग आहे.

सुरतेच्या मंडळींनीही याकडे लक्ष द्यावे. खजोदचा भव्य डायमंड बोर्स डिसेंबर २०२३ मध्ये उघडला. महिधरपुऱ्याच्या गल्ल्यांत पायी फिरणारा बाजार शहराबाहेर जायला का कचरतो, याचे एक कारण भावातही नाही आणि भाड्यातही नाही, रोजच्या येण्या-जाण्यात आहे.

शेठजींची बस अजून चालू आहे, पण आता ती सव्वीस आसनांची नाही. दोन पेढ्यांची माणसे उरली, म्हणून चालकासह तेरा आसनांची गाडी घेतली आहे आणि जीएसटीची वजावट गेली आहे. सकाळची एक फेरी बंद केली, संध्याकाळची सहा पाचची ठेवली. मी विचारले, सकाळची ठेवली असती तर पेढीचा वेळ वाचला असता, संध्याकाळची कशासाठी? शेठजी म्हणाले, “सकाळी उशीर झाला तर तो माझा तोटा. तो मी सोसतो.”

आषाढी चौदसपर्यंतचा करार झाला आहे. पुढच्या चार महिन्यांसाठी आणखी एक पेढी हवी आहे. कुर्ला बाजूला राहणारी आठ-दहा माणसे असलेल्या कोणा वाचकाची पेढी बोर्समध्ये असेल, तर संपादकांच्या पत्त्यावर मला कळवावे. हिशेब आसनांच्या प्रमाणातच राहील.